रक्ताचा पहिला थेंब

म्हैसूरच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर हेग्गडदेवनकोटे हे तालुक्याचे गाव आहे. एवढे लांबलचक नाव कागदोपत्री लिहिण्याचा आमच्या कारकून मंडळींना कंटाळा आला असावा; कारण आज सर्वत्र ते एच. डी. कोटे असेच लिहिले व बोलले जाते. कबिनी नदीच्या काठचे येथील अरण्य हत्तींचे. याच तालुक्यातील काकनकोट्याच्या रानात म्हैसूर दरबारचे खेड्डे होत असत. ढोल-नगाऱ्यांच्या व बंदुकांच्या आवाजांनी रानहत्तींचा कळप उठवावयाचा, हाकीत आणावयाचा आणि लाकडी कोटात कोंडावयाचा, असा तो प्रकार. तो पाहावयास दरबारचे बडे बडे पाहुणे येत. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. परंतु या रानाचा आणि म्हैसूरच्या दसऱ्याचा संबंध काही तुटला नाही. २०१२ पासून २०१९ पर्यंत दसऱ्याच्या मिरवणुकीत सोन्याची अंबारी वाहणारा अर्जुन हा हत्ती याच तालुक्यातील बळ्ळे येथील छावणीतला. ४ डिसेंबर २०२३ रोजी हासन जिल्ह्यात रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेवर असता एका रानहत्तीशी झालेल्या झुंजीत तो मेला, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखी लोकांनी हळहळ केली. ती झुंज पाहावयास कोणी प्रेक्षक बसलेला नव्हता आणि ती थांबविणे कोणाच्या हातीही नव्हते.

विजयादशमीच्या दुपारी सारा देश हे हत्ती पाहतो. त्याच दिवशी सकाळी, बाहेर मिरवणुकीची सिद्धता चालू असता, राजवाड्याच्या आतल्या चौकात आणखी एक झुंज होते. ती माणसांची. कन्नड भाषेत तिला ‘वज्रमुष्टी काळग’ म्हणतात. काळग म्हणजे लढाई. आज मला बोलावयाचे आहे ते या झुंजीविषयी.

तिचा विधी थोडक्यात असा. म्हैसूर, बंगळूर, चन्नपट्टण व चामराजनगर या गावांतील जेट्टी घराण्यांतून चार मल्ल निवडतात. त्यांच्या दोन जोड्या लावतात. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला, अंगावर काछ, आणि उजव्या मुठीत बोटांवर चढविलेले शिंगाचे वा हस्तिदंताचे दातेरी आयुध. त्याचेच नाव वज्रमुष्टी. राजघराण्यातील मंडळी समोर असतात. मल्ल मुजरा करतात, उस्ताद खूण करतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर प्रहार करण्याची धडपड सुरू होते. कोणाच्याही डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की झुंज संपली. पुष्कळदा हे सारे काही क्षणांतच आटोपते. आपल्या कुस्तीत पाठीला माती लागली की निकाल होतो. येथे डोक्याला रक्त लागले की होतो. मुंडण केलेल्या डोक्यावर तो पहिला थेंब लपून राहत नाही, हाही एक हिशेब.

मी ही झुंज चित्रफितींतून तीन-चार वेळा पाहिली आहे. तिसऱ्या खेपेस एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मला फारशी आवडली नाही. कोण जिंकतो याकडे माझे लक्षच नव्हते. मी रक्ताची वाट पाहत होतो.

‘जेट्टी’ हा शब्द मराठी कानाला परका वाटू नये. वारकऱ्यांच्या मुखी विठ्ठलासाठी ‘जगजेठी’ हे संबोधन आहे, आणि ‘जेठी’ म्हणजे मल्ल हा अर्थ आपल्या जुन्या भाषेत चांगला रुळलेला होता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोदाचे प्रकरण आहे, आणि मल्लांच्या ज्या श्रेणी तेथे सांगितल्या आहेत त्यांत पहिली ‘ज्येष्ठिक’. गुजरातेत मोढेरा येथील ब्राह्मण मल्लांची जात स्वतःला ज्येष्ठीमल्ल म्हणविते. त्यांचे ‘मल्लपुराण’ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली छापून प्रसिद्ध केले. साक्षात श्रीकृष्णाने मोढेऱ्याच्या सोमेश्वर नावाच्या ब्राह्मणास मल्लविद्या दिली अशी त्यातील कथा आहे. या जातीची कुलदेवता लिंबजा. म्हैसूरचे जेट्टीही निंबजेलाच भजतात. मल्ल घराणी राजाश्रयाच्या शोधात कोठून कोठे गेली असतील त्याचा माग अशा देवतांच्या नावांवरून लागतो.

हातात काटेरी आयुध घेऊन राजासमोर झुंजणारे मल्ल दक्षिणेत फार जुने आहेत. विजयनगरच्या महानवमी उत्सवाचे वर्णन करताना नूनिझ हा पोर्तुगीज प्रवासी सांगतो की, राजाचे सहस्र मल्ल हातातील अणकुचीदार कड्यांनी एकमेकांस घायाळ करीत, आणि ज्याला अधिक जखमा होत तो पुढे होऊन बक्षिसाचे रेशमी वस्त्र घेई. अधिक जखमी झालेल्यास बक्षीस! हे वाक्य वाचताना मी अडखळलो होतो. पण प्रेक्षकाला ज्या गोष्टीची गोडी असते तिचेच मोल दिले जाते, हे एकदा मानले की त्यात नवल उरत नाही. विजयनगरचा हा उत्सव पुढे म्हैसूरच्या वडेयरांनी उचलला. राज वडेयराने १६१० साली श्रीरंगपट्टणास दसरा सुरू केला, आणि त्याबरोबर मल्लही आले.

आता एकाच राज्यातील दोन साक्षी मी आपल्यापुढे ठेवतो. त्यांच्यात अंतर फार तर वीस-पंचवीस वर्षांचे.

पहिली साक्ष जेम्स स्करी या इंग्रज कैद्याची. सुमारे दहा वर्षे तो हैदर आणि टिपू यांच्या बंदीत होता. त्याने पाहिलेल्या जेट्ट्यांच्या बोटांवर पोलादी नख्या होत्या. मल्ल प्रथम गळ्यातील फुले एकमेकांच्या तोंडावर फेकीत, मग भिडत. हातपाय मोडणे नित्याचे होते. कोणी कच खाऊ लागला तर त्याला पुढे लोटण्यासाठी प्रत्येकाच्या पाठीशी दोन धटिंगण हत्यारे घेऊन उभे असत. सुलतानाची इच्छा असेपर्यंत, किंवा मल्ल पुरता निकामी होईपर्यंत, झुंज चाले. शेवटी पागोटे व शाल मिळे. याच जेट्ट्यांकडून मान पिरगाळून देहान्ताची शिक्षा अमलात आणवीत, असेही जुने लेख सांगतात. स्करी हा सूडाने पेटलेला कैदी, त्याची लेखणी टिपूच्या बाबतीत मऊ असणे शक्यच नाही. ही सावधगिरी बाळगून मगच त्याचे बोल घ्यावेत.

दुसरी साक्ष मार्क विल्क्स याची. १७९९ साली टिपू पडला, पाच वर्षांचा तिसरा कृष्णराज वडेयर गादीवर बसला, आणि पुढे काही वर्षांनी विल्क्स म्हैसूरच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याचा इतिहासग्रंथ १८१० ते १८१७ या काळात निघाला. त्यात वज्रमुष्टीचे जे वर्णन आहे ते एखाद्या यंत्राच्या वर्णनासारखे बारकाईचे आहे. आयुध म्हशीच्या शिंगाचे. त्याला चार अणकुचीदार गाठी, व करंगळीच्या बाजूस काटकोनात पाचवी, जरा मोठी. मुठीत नीट धरले तर एका घावात कवटी फुटावी असे ते होते. परंतु ते तसे धरीतच नसत. बोटांच्या खालच्या दोन पेऱ्यांच्या मध्यावर ते अशा रीतीने बांधीत की, जोराचा घाव घालू जाणाऱ्याचीच बोटे निखळावीत. ज्या कोणी ही बांधणी प्रथम योजली तो मनुष्यस्वभाव ओळखणारा असला पाहिजे. दुसऱ्याला किती इजा करावी याचे मोजमाप त्याने घाव घालणाऱ्याच्याच बोटांत ठेवले.

प्रहार केवळ डोक्यावर करावयाचा. तरीही पुष्कळदा दोघांच्या डोक्यांतून रक्ताचे ओघळ आखाड्याच्या वाळूपर्यंत येत. परंतु झुंज हातघाईवर येते असे दिसताच राजाजवळचे पंच पागोटी व वस्त्रे आखाड्यात फेकीत, आणि तीच थांबण्याची खूण असे. जिंकणारा चार-पाच कोलांट्या घेत बाहेर पडे, म्हणजे आपण दमलो नाही हे लोकांस कळावे. जेट्ट्यांचे पाच वर्ग होते आणि विजयाचे फळ म्हणजे वरच्या वर्गात बढती. म्हातारपणी त्यांना उस्तादाची जागा मिळे. बढती आणि उतारवयाची तरतूद यांची किंमत मी नोकरदार मनुष्य अधिक जाणतो.

विल्क्सलाही आपल्या सरकारने गादीवर बसविलेल्या घराण्याचे गोडवे गावयाचे होते, हे विसरता येत नाही. पण दोन्ही साक्षींतून पक्षपाताचा रंग खरवडून काढला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. जात तीच, आयुधाचे नाव तेच, शेवटी मिळणारे पागोटेही तेच. एकीकडे ते पागोटे राजाची हौस फिटल्यावर येते. दुसरीकडे झुंज थांबविण्यासाठी येते.

टिपूच्या दरबारावर ही गोष्ट टाकून मराठी मनुष्याला मोकळे होता येत नाही. १८६४ साली लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला, तेव्हा खंडेराव गायकवाड गादीवर होते. कुस्ती, हत्तींची साठमारी, गेंड्यांच्या झुंजी यांचा त्यांना अपार शौक. रूसलेने तेथे ‘नखीची कुस्ती’ पाहिली. पूर्वी या नख्या पोलादी असत आणि मृत्यू ठरलेला असे. रूसलेच्या वेळेपर्यंत त्या शिंगाच्या झाल्या होत्या. भांगेच्या धुंदीत गाणी म्हणत मल्ल एकमेकांवर तुटून पडत. कपाळाची, गालांची कातडी सोलून निघे. आणि सिंहासनावरील महाराज इतके देहभान विसरत की मल्लांच्या हालचाली ते स्वतःच हातांनी करू लागत. रूसलेला हे शेवटपर्यंत बघवेना. खंडेरावांनी तोफा ओतविल्या, मोत्यांची चादर विणविली, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच दरबारातील हे दृश्यही आपलेच आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या खजिन्यावर जेट्ट्यांचा पहारा असे. ते राज्य संपल्यावर त्यांतील बरेच म्हैसूरकडे गेले, असे एडगर थर्स्टन याने दक्षिणेतील जातींविषयीच्या १९०९ च्या ग्रंथात लिहिले आहे. चन्नपट्टण येथे भेटलेल्या एका जेट्टी पोलीस शिपायाची नोंदही त्याच्या ग्रंथात आहे. हा शिपाई बडोद्यास व नेपाळ दरबारीही झुंजून आलेला होता. गणवेशातील त्या मनुष्याला विचारावेसे वाटते, की दोन दरबारांत फरक कोणता जाणवला?

संस्थाने गेली, दरबार गेले. रक्त पाहण्याची हौस मात्र कोठे गेली नाही, तिने जागा बदलली. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधविले, ते १९१२ साली. तेथे हजारो लोक डावपेचांवर जीव टाकीत आले, रक्तावाचून. मुंबईत १९५० नंतरच्या काळात दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजींना गर्दी लोटे, आणि ‘ही सारी नुरा कुस्ती’ असे म्हणणारेही तिकीट काढूनच म्हणत. पुढे अमेरिका व जपान येथे धंदेवाईक कुस्तीचा एक अघोरी प्रकार वाढला. १९८९ साली अत्सुशी ओनिता याने जपानमध्ये काढलेल्या संस्थेच्या आखाड्यात दोरांच्या जागी काटेरी तारा आल्या, स्फोटके आली. अमेरिकेत कपाळावर पात्याची चीर स्वतःच पाडून रक्त दाखविण्याची रीत तर जुनीच. १९९८ च्या जूनमध्ये पिट्सबर्ग येथे मिक फोली हा मल्ल सुमारे सोळा फूट उंचीच्या पिंजऱ्यावरून खाली फेकला गेला, आणि उठून पुन्हा लढावयास आला. आमच्या घरोघरच्या मुलांनीही दूरचित्रवाणीवर असले प्रकार डोळे विस्फारून पाहिले आहेत.

या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो म्हणून ती खोटी, असे म्हणण्याची चाल आहे. निकाल खोटा असेल. काटेरी तार खोटी नसते, आणि सोळा फुटांवरून पडलेले अंगही खोटे नसते. २००७ साली ख्रिस बेन्वा या मल्लाने पत्नी व मुलाचा जीव घेऊन आत्मघात केला. पुढे त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा वारंवार बसलेल्या आघातांच्या खुणा त्यात आढळल्या. त्या भयंकर कृत्याचे कारण एवढेच असे कोणी म्हणू नये. परंतु वर्षानुवर्षे डोक्यावर घेतलेल्या खुर्च्यांचा हिशेब कोठेतरी नोंदला जात होता, एवढे खरे. आणि या आखाड्यात पागोटे कोणी फेकावयाचे? प्रेक्षक एक नव्हे, लाखो. आज खुर्ची पाहिली की उद्या तार हवी, तार पाहिली की आग हवी. लाखोंच्या सिंहासनावर बसलेल्या खंडेरावांना कोणता पंच आवरणार?

म्हैसूरची झुंजही कोणी निर्दोष मानू नये. डोक्यावरची जखम ती जखमच, आणि घराण्याच्या मानासाठी ती सोसणाऱ्या तरुणाला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक कितपत असते, हे बाहेरच्याने सांगू नये. तरी १९७१ साली तनखे बंद झाले, मिरवणुकीच्या अंबारीत राजाऐवजी चामुंडेश्वरीची मूर्ती बसू लागली, आणि एवढ्या उलथापालथीत ही झुंज टिकली, ती रक्तामुळे की थांबण्याच्या नियमामुळे, याचा विचार मी अद्याप करीत आहे.

चौथ्या वेळी चित्रफीत पाहताना मी मल्लांकडे न पाहता उस्तादांकडे पाहिले. ते जोडीला अगदी लगटून फिरत होते, वाकलेले, हात पुढे केलेले, डोळे त्या दोन मुंडित डोक्यांवर. एक हात वर गेला, खाली आला. आणि मला लाल रंग दिसण्यापूर्वीच दोघे उस्ताद मध्ये शिरले होते. मल्लांनी एकमेकांस सोडले आणि ते मुजऱ्यासाठी वळले.