निकाल सांगणाऱ्या दिव्याची कुळकथा

तलवारबाजी ऑलिम्पिकमध्ये १८९६च्या अथेन्सपासून आहे. टोक लागताच पेटणारा लाल-हिरवा दिवा मात्र बराच नंतर आला. त्याआधी वार लागला की नाही, हे माणसांचे डोळे ठरवत. मुख्य पंचाच्या हाताखाली चार पंच असत आणि दोघेदोघे एकेका खेळाडूवर नजर ठेवत. मग मते घेतली जात. साध्या पंचाचे मत एक, मुख्य पंचाचे दीड. पाते इतक्या वेगाने येई-जाई की प्रामाणिक पंचाचीही नजर चुकावी.

वीज पहिल्यांदा आली ती एपे प्रकारात, १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये. एपेचा नियम सरळ असल्याने तिथे ते सोपे होते. डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक आधी लागले की गुण, दोघांचे एकदम लागले तर दोघांनाही. पात्याच्या टोकाला स्प्रिंगवरचे एक बटण असते. आजच्या नियमाप्रमाणे ते ७५० ग्रॅमचे वजन पेलणारे हवे. त्याहून जोराने दाबले गेले की विद्युतमंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. दोन वारांत १/२५ सेकंदापेक्षा कमी अंतर असेल, तर दोन्ही दिवे पेटतात.

फॉइल या दुसऱ्या प्रकारात फक्त धडावरचा वार ग्राह्य. म्हणून धडावर धातूच्या धाग्यांचे जाकीट चढले. टोक त्यावर लागले तर रंगीत दिवा, बाहेर लागले तर पांढरा. ऑलिम्पिकमध्ये ही व्यवस्था १९५६ साली मेलबर्नला आली. सेबर या तिसऱ्या प्रकारात टोकाबरोबर पात्याची धारही चालते, त्यामुळे टोकावरचे बटण तिथे निरुपयोगी. विजेचे सेबर ऑलिम्पिकमध्ये दिसायला १९९२चे बार्सिलोना उजाडावे लागले.

यंत्र आले म्हणून लबाडी संपली नाही. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये, आधुनिक पेंटॅथलॉनमधल्या एपेच्या लढतींत सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेन्कोचा दिवा वार न लागताच पेटला. ब्रिटनच्या जिम फॉक्सने हरकत घेतली. तलवार तपासली, तेव्हा मुठीत दडवलेली कळ सापडली. ओनिश्चेन्को बाद झाला आणि त्याच्या संघालाही स्पर्धेबाहेर जावे लागले.

दिव्यामागचे घड्याळही वादातून सुटले नाही. २०१२ साली लंडनला एपेच्या उपांत्य लढतीत दक्षिण कोरियाच्या शिन आ-लामला फक्त शेवटचा एक सेकंद तग धरायचा होता. तो एक सेकंद पुन्हा पुन्हा खेळवला गेला आणि जर्मनीच्या ब्रिटा हाइडेमानने त्यातच निर्णायक वार केला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिन सुमारे तासभर रडत तिथेच बसून राहिली. निकाल तिच्या विरोधात गेला.

फॉइल आणि सेबरमध्ये दोन्ही दिवे पेटले, तर आक्रमणाचा हक्क कुणाचा होता, म्हणजेच गुण कुणाला, हे आजही मुख्य पंचच ठरवतो. २०२१ साली टोकियोत भवानी देवी ऑलिम्पिक तलवारबाजीत उतरलेली पहिली भारतीय ठरली, तीही सेबरमध्येच. म्हणून हा खेळ पाहताना दिव्यावर थांबू नका. पंचाचा हात कुणाच्या बाजूला उठतो तेही पाहा. वार लागला एवढेच दिवा सांगतो, गुण कुणाचा हे माणूस सांगतो, आणि ते तसेच असायला हवे.