शनिवारी चालत जाणारे सिनेटर



ऑफिसातल्या एका बाईंच्या निवृत्तीच्या जेवणात मी रात्री ताट परत केलं आणि त्या दुखावल्या. ते मनाला लागून राहिलं. मग जोसेफ लीबरमन यांच्याबद्दल वाचलं.

१९८९ ते २०१३ ते अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते. धर्म काटेकोर पाळणारे ज्यू. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात गाडीत बसायचं नाही. १९८८ साली त्यांना उमेदवारी देणारा पक्षाचा मेळावा शनिवारी होता. ते गेले नाहीत, आधी चित्रित केलेलं भाषण पाठवलं. २००० साली उपराष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तेव्हाही शनिवारी प्रचार केला नाही. पण सिनेटमध्ये महत्त्वाचं मतदान असलं, की मैलोन्‌मैल चालत जायचे. तिथे मत तोंडी देतात, बटण दाबावं लागत नाही.

स्वतःच्या प्रचारासाठी नाही, लोकांच्या कामासाठी मात्र हो, अशी त्यांची मर्यादा होती.

माझी चूक कळली. नेम मोडायचा नव्हताच, पण आधी सांगायला हवं होतं. आता आमंत्रण आलं की लगेच सांगते, आणि जेवले नाही तरी शेवटपर्यंत थांबते.