गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकतो तेव्हा...

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला, की रंग, फरशी आणि खिडक्यांची बारकाईने पाहणी होते. न्हाणीघरातील गिझरकडे मात्र पाणी तापते ना, एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. त्याच्या तळाशी असलेल्या छोट्या व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागले, की गळती समजून तेथे बूच ठोकले जाते. हा उपाय धोकादायक ठरू शकतो.

दाब कोठून येतो?

नवी मुंबईतील बोनकोडे गावठाण आणि लगतच्या कोपरखैरणे परिसरातील इमारतींत घरातील नळांना साधारणतः गच्चीवरील टाकीतून पाणी येते. टाकी गिझरपासून जितकी उंच, तितका दाब अधिक. दर १० मीटर उंचीमागे तो सुमारे १ बारने वाढतो. चार मजली इमारतीत तळमजल्यावर तो दीड बारच्या आसपास असतो, तर वरच्या मजल्यावर अगदी कमी. तेथे प्रेशर पंप बसविल्यास त्याच्या दाबाची भर पडते. गिझरची टाकी किती दाब सोसू शकते, हे त्यावरील पट्टीवर बार किंवा मेगापास्कलमध्ये नमूद असते. ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार.

व्हॉल्व्हचे काम

तापलेले पाणी प्रसरण पावते. २५ अंशांवरील पाणी ७५ अंशांपर्यंत तापविले, तर २५ लिटरच्या गिझरमध्ये अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी वाढते. गरम पाण्याचा नळ बंद असतो आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाण्याला मागे जाऊ देत नाही. त्यामुळे पुरवठ्याचा दाब कमी असला, तरी गिझरमधील दाब चढतो. ठरावीक मर्यादेला व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी ठिबकते. म्हणजेच, पाणी तापत असताना पडणारे थेंब हे व्हॉल्व्ह काम करीत असल्याचे लक्षण आहे.

थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही निकामी झाल्यास धोका वाढतो. दाबाखालील पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही. अशा वेळी टाकी फुटल्यास त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. कुकरमध्ये शिट्टी अडकल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. त्याच धर्तीवर अनेक गिझरमध्ये फ्युजिबल प्लग असतो.

हे तपासून घ्यावे

* व्हॉल्व्ह थंड पाण्याच्या जोडणीवर असावा. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कोणताही कॉक नसावा.
* व्हॉल्व्हची निचरा नळी उतरती व तोंडाशी उघडी असावी आणि गरम पाणी अंगावर पडणार नाही अशा जागी सोडलेली असावी.
* गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाइप वापरू नये. सीपीव्हीसी किंवा धातूचा पाइप घ्यावा.
* प्रथम गरम पाण्याचा नळ उघडून गिझर पूर्ण भरू द्यावा. सलग धार आल्यावरच बटण सुरू करावे.
* गिझर थंड असतानाही दिवसभर ठिबकत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा वा क्षार अडकले असावेत किंवा पुरवठ्याचा दाब जास्त असावा. व्हॉल्व्ह बदलणे किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसविणे, हा त्यावरचा मार्ग आहे.

नळातून पाण्याऐवजी वाफ येऊ लागल्यास मेन स्विच तत्काळ बंद करावा, गिझरपासून दूर व्हावे आणि तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय तो पुन्हा सुरू करू नये.