कुंभकोणमच्या घरांतील केरकचरा : एक अवलोकन

राजांचा इतिहास लिहिला जातो. तंजावरच्या भोसले राजांची मोडी दप्तरे आजही अभ्यासकांना वाचावयास मिळतात. मात्र सामान्य घरातील केर कोठे जात असे, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात सहसा स्थान नसते. शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त हा विषय निवडण्याचे कारण एवढेच, की ज्या साठ वर्षांचा उत्सव आपण करीत आहोत, त्याच साठ वर्षांत आपल्या घरांतून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याचे स्वरूप पूर्णपणे पालटले.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ साली ते राज्य लयास गेले. या काळात कावेरीकाठी आलेली मराठी कुटुंबे येथेच रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच कुंभकोणमात झाला. या कुटुंबांनी पुरणपोळी आपल्याबरोबर आणली, पण ती वाढली केळीच्या पानावर. घराचा व्यवहार त्यांनी कावेरीकाठच्या रीतीने चालविला.

त्या व्यवहारात प्रत्येक वस्तूला पुढचा धनी ठरलेला असे. जेवणाचे पान गाईपुढे जाई, तांदळाचे धुवणही गाईलाच मिळे. नारळाची करवंटी जळणाला किंवा डाव करावयास उपयोगी पडे, तर सोडणाच्या काथ्याने भांडी घासली जात. चुलीची राखही त्याच कामी येई. नऊवारी लुगडे विरले की त्याची गोधडी होई आणि गोधडी फाटली की फडकी होत. चेपलेले पितळेचे भांडे मोडीत जाई. जवळच्या नाच्चियारकोविलची ओतीव पितळी समई प्रसिद्ध आहे. धातू पुनःपुन्हा वितळविता येतो, म्हणून त्याला कचऱ्याचे प्राक्तन नव्हते. मातीचे मडके फुटले तर माती मातीला मिळे.

कागदाचीही तीच गोष्ट. येथील टाऊन हायस्कूलचे विद्यार्थी श्रीनिवास रामानुजन आपली गणिते पाटीवर करीत आणि कोपराने पुसून पुढे जात, कारण कागद परवडत नसे. निळ्या शाईने लिहिलेल्या कागदावर पुन्हा तांबड्या शाईने लिहिण्याची त्यांची सवय चरित्रकारांनी नोंदविली आहे.

परंतु गतकाळाचे केवळ गुणगान करणे इतिहासाच्या शिक्षिकेला शोभणारे नाही. आपले पूर्वज काटकसर करीत, ती पुष्कळ अंशी वस्तू महाग व दुर्मीळ होत्या म्हणून. त्या काटकसरीमागचे श्रम घरातील स्त्रिया उपसत. आणि घराबाहेरची घाण उचलण्याचे काम समाजाने काही जातींच्या माथी मारले होते. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी स्वतंत्र भारतालाही १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला. ‘घर स्वच्छ’ म्हणताना ते कोणाच्या हातांनी स्वच्छ झाले, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. ओले-सुके एकत्र कोंबलेली पिशवी आपण दाराबाहेर ठेवतो, तेव्हा ती निवडण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी उघड्या हातांवर ढकलतो.

कुंभकोणमची नगरपालिका १८६६ सालची. २०२१ साली तिची महानगरपालिका झाली. शहराचा कचरा करिकुळम येथे नेऊन टाकला जाई. जोवर त्यात साली, पाने आणि राख होती, तोवर तो कुजून जाण्याजोगा होता. पुढे दुधाची पिशवी, शांपूची पुडी, पातळ कॅरीबॅग घरोघर आली. या वस्तूंना पुढचा धनीच नव्हता. सर्व एकत्र साचत गेले आणि तेथे कचऱ्याचा ढीग उभा राहिला. २०१० नंतरच्या दशकात तो जुना ढीग उकरून, चाळून मोकळा करण्याचे काम येथे झाले. तमिळनाडूत अशा कामाच्या आरंभीच्या उदाहरणांत आपल्या गावाचे नाव घेतले जाते. या पद्धतीत कचरा पसरून वाळवितात, जिवाणूंच्या द्रावणाने त्याची दुर्गंधी व ओल कमी करतात आणि मोठ्या फिरत्या चाळणीतून काढतात. माती, दगड-विटा आणि प्लॅस्टिक वेगळे होते. एकेकाळची साल तोवर माती झालेली असते, पिशवी मात्र पिशवीच राहते. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढ्यातच आहे.

कायद्याची दिशाही हेच सांगते. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर २००० साली देशात नागरी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकावर टाकली. तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ‘मीण्डुम् मंजप्पै’, म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’, ही मोहीम सुरू केली. लग्नघरी तांबूल-नारळ घालून मिळणारी ती कापडी पिवळी पिशवी आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजूनही खुंटीला असेल.

साचलेला ढीग महानगरपालिका उकरू शकते, पण नवा ढीग थांबविणे केवळ घरालाच शक्य आहे. हिशेब साधा आहे. एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर वर्षाला तो १८० किलोंहून अधिक होतो. आपल्या शाळेशी निगडित केवळ शंभर घरांनी तो घरीच जिरविला, तर १८ टन कचरा गाडीत चढणारच नाही. त्यासाठी बुडाशी व बाजूला भोके पाडलेली दोन मडकी पुरतात. साली व देठ टाकावेत, वर वाळका पाला किंवा काथ्याचा भुसा पसरावा, अधूनमधून हलवावे. एक मडके भरले की ते झाकून दुसरे वापरावे. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. सुका कचरा धुऊन, वाळवून वेगळा ठेवला तर भंगारवाला तो आनंदाने नेतो. आणि हे काम घरातील एकट्या स्त्रीचे न राहता सर्वांचे असावे, हा जुन्या रीतीत करावयाचा आवश्यक बदल होय.

२०२८ साली महामहम् आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या त्या पर्वणीला लक्षावधी यात्रेकरू आपल्या गावी येतील. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना माझी विनंती आहे, की तोवर आपल्या घरी दोन मडकी आणि दाराशी एक कापडी पिशवी असावी. आपण गावी नसाल, तर जेथे असाल तेथे असावी.

— मुख्याध्यापिका