हेड स्टार्ट

हेड स्टार्ट : दारिद्र्यात वाढणाऱ्या बालकांची शाळाप्रवेशासाठी पूर्वतयारी करून घेणारा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शासकीय कार्यक्रम. १९६५ च्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांच्या वर्गांच्या स्वरूपात त्याचा आरंभ झाला.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बुद्धिमत्ता जन्मतःच निश्चित झालेली असते, हा समज व्यापक होता. जे. मॅकव्हिकर हंट (१९६१) व बेंजामिन ब्लूम (१९६४) यांच्या ग्रंथांनी त्याला धक्का दिला आणि आरंभीच्या वर्षांतील परिसराचे महत्त्व प्रतिपादिले. याच सुमारास, जानेवारी १९६४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. ऑगस्टमध्ये आर्थिक संधी अधिनियम संमत झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या कार्यालयाचे संचालक सार्जंट श्राइव्हर यांनी बालरोगतज्ञ रॉबर्ट कुक यांच्या अध्यक्षतेखाली एक नियोजन समिती नेमली. यूरी ब्रॉन्फेनब्रेनर व एडवर्ड झिग्लर हे मानसशास्त्रज्ञ तिचे सदस्य होते. केवळ अक्षरओळख न देता आरोग्य, पोषण, भावनिक विकास व पालकांचा सहभाग यांचा एकत्रित विचार व्हावा, अशी शिफारस समितीने फेब्रुवारी १९६५ मध्ये केली.

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत देशभर वर्ग उघडले. पहिल्याच उन्हाळ्यात ५,६०,००० हून अधिक बालकांनी त्यांचा लाभ घेतला. त्यांपैकी बहुतेक बालके येत्या शरद ऋतूत बालोद्यानात (किंडरगार्टन) किंवा पहिल्या इयत्तेत जाणार होती. खेळ, गोष्टी, संभाषण व चित्रकला यांबरोबरच भोजन, वैद्यकीय व दंततपासणी आणि लसीकरण यांची सोय होती. पालकांनाही मदतनीस म्हणून कामे मिळाली. दक्षिणेकडील अनेक राज्यांत सार्वजनिक बालोद्याने नव्हती. तेथे या वर्गांना विशेष महत्त्व आले. मिसिसिपीत गरीब कृष्णवर्णीय पालकांनी अनेक केंद्रे स्वतः चालविली. त्यामुळे प्रस्थापित गोऱ्या नेतृत्वाचा रोष ओढवला आणि सिनेटर जॉन स्टेनिस यांनी या केंद्रांच्या अनुदानास कडवा विरोध केला.

आठ आठवड्यांत वर्षानुवर्षांची उणीव भरून निघेल, ही आरंभीची आशा मात्र टिकली नाही. वेस्टिंगहाउस लर्निंग कॉर्पोरेशन व ओहायओ विद्यापीठ यांच्या १९६९ च्या अहवालानुसार उन्हाळी वर्गांचा बौद्धिक विकासावरील परिणाम टिकाऊ नव्हता. पूर्ण वर्षाच्या वर्गांचा परिणामही मर्यादित होता. या अहवालाच्या पद्धतीवर अनेक तज्ञांनी आक्षेप घेतले. मुलांचे तुलनागट समतुल्य नव्हते आणि आरोग्य व पोषण यांतील लाभ मोजलेच गेले नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि उन्हाळ्याचा अवधी अपुरा आहे, याविषयी समर्थकांतही फारसा मतभेद उरला नाही.

१९६९ मध्ये हा कार्यक्रम आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याकडे सोपविण्यात आला. १९७० मध्ये झिग्लर यांनी तेथील बालविकास कार्यालयाची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर उन्हाळी वर्गांची जागा क्रमाक्रमाने पूर्ण वर्षाच्या वर्गांनी घेतली. १९९० नंतरच्या दशकात तीन वर्षांखालील बालके व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी ‘अर्ली हेड स्टार्ट’ ही शाखा सुरू झाली. कार्यक्रमाचे यश केवळ बुद्धिगुणांकाने मोजावे, की बालकाचे आरोग्य, सामाजिक क्षमता व कुटुंबाचा सहभाग यांवरून, हा वाद पुढेही चालू राहिला. शाळाप्रवेशाची तयारी ही लसीप्रमाणे एकदाच टोचून होणारी गोष्ट नसून, घर, आरोग्यसेवा व शाळा यांच्या सातत्यपूर्ण साहाय्यावर ती अवलंबून असते, हे हेड स्टार्टच्या इतिहासातून स्पष्ट झाले.