श्लेषपेशींतील प्रथिनाभिव्यक्ती, मूषकाच्या विकसनशील मेंदूतील

मूषकाच्या भ्रूणाच्या व नवजात पिलाच्या मेंदूत चेतापेशींच्या जोडीने ज्या श्लेषपेशी अथवा ग्लिया पेशी असतात, त्यांच्यात कोणते प्रथिन कोणत्या दिवशी प्रकट होते, किती काळ टिकते आणि केव्हा मावळते, याचा विचार या नोंदीत केला आहे. पेशीच्या केंद्रकात जनुके सर्वच असली तरी कोणत्याही घटकेला त्यांपैकी काहींचाच अंमल चालू असतो. ज्यांचा अंमल चालू असेल त्यांची प्रथिने पेशीत सापडतात, आणि त्या प्रथिनांवरून पेशीची जात ठरविण्याची वहिवाट प्रयोगशाळांत पडली आहे. ही वहिवाट सोयीची खरी. तथापि प्रथिनाची साक्ष त्या वयापुरती व त्या जागेपुरतीच ग्राह्य धरावी लागते, याचा प्रत्यय वाढत्या मेंदूत पदोपदी येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूडोल्फ फिरखो याने श्लेषपेशींच्या या घटकाचे वर्णन केले तेव्हा चेतापेशींना एकत्र धरून ठेवणारे भरण एवढीच त्याची योग्यता मानली गेली. कामिलो गोल्जी याची चांदीच्या क्षारांची रंजनपद्धती, सांतियागो रामोन इ काहाल याने १९१३ मध्ये सिद्ध केलेली सुवर्णक्षारांची पद्धती आणि पीओ देल रीओ-ओर्तेगा याने १९१९ ते १९२१ या काळात सूक्ष्मश्लेषपेशी व अल्पशाखी पेशी यांची केलेली निवड, या सर्व प्रयत्नांतून पेशींचे आकार दिसू लागले, परंतु त्यांचे रसायन अंधारातच राहिले. १९६५ मध्ये ब्लेक मूर याने एस-१०० हे प्रथिन मेंदूतून वेगळे केले. लॉरेन्स एंग व त्याचे सहकारी यांनी बहुविध काठिण्य या रोगाने मृत झालेल्या माणसांच्या मेंदूतील जुन्या व्रणांतून मिळविलेल्या तंतुमय आम्लधर्मी प्रथिनाचे वर्णन १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच पुढे जीएफएपी या संक्षिप्त नावाने सर्वश्रुत झाले. त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाल्यावर मेंदूच्या पातळ छेदांत तारकापेशी या जातीच्या श्लेषपेशी नेमक्या उजळून दाखविणे शक्य झाले, आणि रोगट मानवी ऊतकातून निघालेले हे साधन निरोगी मूषकभ्रूणाच्या अभ्यासात रुजू झाले.

मूषकाचा गर्भकाल अवघा एकोणीस-वीस दिवसांचा असतो. त्यात प्रमस्तिष्क-बाह्यकाच्या चेतापेशी साधारणतः अकराव्या ते सतराव्या दिवसांच्या दरम्यान जन्मतात. तारकापेशींची निर्मिती जन्माच्या किंचित आधी सुरू होऊन पहिल्या काही आठवड्यांत भरास येते, आणि अल्पशाखी पेशींचे मुख्य कार्य त्याही मागून चालते. या सर्वांच्या मुळाशी ज्या अरीय श्लेषपेशी असतात, त्यांचे देह मस्तिष्क-विवराच्या कडेला व लांबलचक तंतू बाह्य पृष्ठभागापर्यंत गेलेले असतात. पास्को राकिच याने १९७२ मध्ये माकडाच्या भ्रूणात दाखविले की, नवजात चेतापेशी या तंतूंच्या आधारानेच वर सरकतात. त्यामुळे अरीय पेशी म्हणजे केवळ वाटाड्या, असा समज दृढ झाला. २००० व २००१ मध्ये माग्दालेना गॉट्स यांच्या आणि आर्नोल्ड क्रीगस्टीन यांच्या गटांनी सिद्ध केले की, याच पेशी विभागून चेतापेशींना जन्म देतात. ज्यांना आपण श्लेषपेशी म्हणून वेगळ्या पंक्तीत बसविले त्याच चेतापेशींच्या माता ठराव्यात, हा शरीरशास्त्राच्या वर्गीकरणाला बसलेला मोठाच धक्का होय.

या अरीय पेशींत नेस्टिन व व्हायमेंटिन ही तंतुप्रथिने, बीएलबीपी हे मेदाम्लांना बांधणारे प्रथिन आणि ग्लास्ट हे ग्लुटामेटचे वाहक प्रथिन आढळते. आरसी-२ या नावाचा प्रतिपिंडही त्यांना चांगला ओळखतो. जीएफएपी मात्र मूषकाच्या बाह्यकातील अरीय पेशींत भ्रूणावस्थेत जवळजवळ दिसत नाही. माकडाच्या अरीय पेशींत तेच प्रथिन गर्भावस्थेतच मुबलक असते, तेव्हा एका प्राण्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला लावताना सावधगिरी हवी. जन्माच्या सुमारास मूषकात व्हायमेंटिन ओसरून जीएफएपी वाढू लागते आणि बहुसंख्य अरीय पेशी आपले लांब तंतू आवरून तारकापेशींचे रूप घेतात.

हा पालट नेमक्या वेळी का होतो, याचे उत्तर जनुकाच्या प्रवर्तक खंडात सापडले. जीएफएपीच्या प्रवर्तकात स्टॅट-३ हे नियामक प्रथिन जेथे बसते ती जागा अकराव्या-बाराव्या दिवशी मिथिल गटांनी झाकलेली असते, म्हणून बाहेरून कितीही उत्तेजक संदेश आले तरी जनुक जागे होत नाही. चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंत ते गट बव्हंशी दूर होतात. एवढ्यानेही भागत नाही. न्यूरोजेनिन-१ हे चेतापेशीकारक प्रथिन स्टॅटच्या साहाय्यकांना स्वतःकडेच अडकवून ठेवते, आणि ते ओसरल्यावरच तारकापेशींचा मार्ग मोकळा होतो. जन्मलेल्या चेतापेशींनी स्रवलेले कार्डियोट्रॉफिन-१ हे प्रथिन स्टॅटची ही यंत्रणा चेतविते. म्हणजे आपली भरती पुरी होत आल्याची वर्दी जणू चेतापेशीच देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे व सहकारी यांनी २०११ मध्ये दाखविले की, हिप्पोकॅम्पसच्या पूर्वज पेशींतून एलएचएक्स-२ हे प्रथिन काढून घेतल्यास चेतापेशींच्या मुदतीतच तारकापेशी निर्माण होऊ लागतात, आणि ते वाढविल्यास चेतापेशींची मुदत लांबते. हिप्पोकॅम्पसपुरता तरी हा कालनिर्णय एका प्रथिनाच्या हाती बराच असल्याचे त्यावरून दिसते.

अल्पशाखी पेशींची हकीकत वेगळी आहे. अग्रमस्तिष्कात त्यांच्या पूर्वजांच्या तीन लाटा येतात: पहिली अधर भागातून भ्रूणावस्थेच्या बाराव्या-तेराव्या दिवशी, दुसरी काही दिवसांनी, तिसरी जन्मानंतर बाह्यकातून, आणि नवल असे की, पहिल्या लाटेची संतती पुढे बहुतेक नाहीशी होते. पूर्वजांत ओलिग-२, सॉक्स-१०, पीडीजीएफचा अल्फा ग्राही व एनजी-२ ही प्रथिने असतात. परिपक्व पेशीत मायलिन या चेतातंतूंच्या वेष्टनाची, त्यांतही पीएलपी व एमबीपी ही मुख्य. पीएलपी पेशीदेहात तयार होऊन पटलांच्या पुटिकांतून टोकाकडे जाते. एमबीपीचा मात्र संदेशक आरएनएच पेशीच्या दूरच्या शाखांत नेला जातो आणि प्रथिन मायलिनच्या ऐन जागेवर रचले जाते. धनभारित एमबीपी पटलांच्या आतील बाजू एकमेकींना चिकटविते. ते पेशीदेहातच साठले असते तर भलतीच पटले जुळली असती, असा याचा सर्वसाधारण खुलासा केला जातो. एमबीपीच्या जनुकाचा मोठा भाग गळालेला शिव्हरर जातीचा मूषक जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी थरथरू लागतो व अल्पायुषी ठरतो. १९८७ मध्ये त्याच्यात अखंड जनुक घातल्यावर एमबीपी नेहमीच्या सुमारे चतुर्थांश प्रमाणातच निर्माण झाले, तरी थरथर थांबली आणि आयुष्य वाढले. प्रथिन आहे की नाही या प्रश्नाइतकाच ते किती आहे हा प्रश्न महत्त्वाचा, हे या प्रयोगाने लक्षात आणून दिले.

सूक्ष्मश्लेषपेशी मेंदूच्या नव्हेतच. पीतकोशात जन्मून त्या नवव्या-दहाव्या दिवसापासून मेंदूत शिरतात. आयबा-१ हे प्रथिन त्यांच्यात लवकर सापडते, परंतु त्यांची खास खूण म्हणून मानलेले टीएमईएम-११९ जन्मानंतरच्या दोन आठवड्यांत हळूहळू सर्वत्र पसरते. तान्ह्या पिलाच्या छेदात केवळ तेवढेच शोधणाऱ्यास या पेशी कमी असल्याचा भास व्हावा.

१९९५ च्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांनी जीएफएपीविरहित मूषक तयार केले, आणि ते जन्मले, वाढले व त्यांनी पिलेही दिली. ज्या प्रथिनावर तारकापेशीची सारी ओळख उभी होती, ते नसूनही तारकापेशी होत्या. उलट मानवी जीएफएपीचा प्रवर्तक मूषकात बसविला असता तो भ्रूणाच्या तेराव्या-चौदाव्या दिवशीच अरीय पेशींत कार्य करू लागतो, जेथे मूषकाचे स्वतःचे जनुक अद्याप स्वस्थ असते. अशा मूषकांत रंगविलेल्या पेशींच्या वंशजांत चेतापेशीही निघतात. प्रौढ बाह्यकाच्या धूसर भागात निरोगी तारकापेशी जीएफएपीने फिक्याच दिसतात, म्हणून आता तेथे एएलडीएच-१एल-१ हे विकर अधिक पसंत केले जाते. पण तेही अरीय पूर्वजांत आढळते. दोन प्रयोगशाळांच्या नोंदी ताडून पाहताना आणखी एक लहानशी अडचण पुढे येते: समागमाची खूण दिसलेला दिवस कोणी शून्य धरतो, कोणी अर्धा, कोणी पहिला, आणि ज्या मेंदूत अवघ्या काही दिवसांत प्रवर्तकाचे झाकण उघडते तेथे हा फरक हिशेबात घ्यावाच लागतो.