चाकणचें मूळ व कसब्याची प्रारंभींची वाढ

पुण्याच्या उत्तरेस सुमारें १८ मैलांवर, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या मधील सपाटीवर, चाकण वसलेलें आहे. त्याच्या उत्पत्तीविषयीं दोन मतें रूढ आहेत. पहिलें पौराणिक. दशरथाच्या रथाचें चाक येथें पडलें, म्हणून गांव चाकण व देव चक्रेश्वर. चक्र–चक्क–चाक हा वर्णविकाराचा क्रम निर्दोष आहे. परंतु अंत्य ‘ण’ कोठून आला याचें उत्तर कथेंत नाहीं. नांवावरून मागाहून कथा रचली जाणें हें आपल्याकडे इतकें सामान्य आहे कीं, येथेंही तसेंच घडलें असावें. देवालयाची प्राचीनता हा प्रश्न मात्र निराळा. कथेबरोबर तो निकालांत काढूं नये.

दुसरें मत असें कीं, इ. स. १२९५ त कोणा हबशी सरदारानें येथें कोट घातला. इंग्रजी ग्रंथांत तें परंपरा म्हणून नोंदलें गेलें, आणि पुढें परंपरा गळून सन तेवढा उरला. आम्हींही शाळेंत तो कित्येक वर्षें निःशंकपणें सांगत होतों! परंतु त्या वेळीं देवगिरीस रामचंद्रदेव यादव राज्य करीत होता, आणि अल्लाउद्दीनाची स्वारीही १२९६ ची. हबशी अमीर दक्षिणेंत प्रबळ झाले ते त्यानंतर, बहामनी व निजामशाही काळांत. तेव्हां हबशी खरा मानावा तर सन सोडावा लागतो.

चाकणास ठाम आधार मिळतो तो पंधराव्या शतकाच्या मध्यास. कोंकणच्या मोहिमेसाठीं बहामनी सुलतानानें धाडलेल्या मलिक-उत्-तुज्जारानें येथें ठाणें केलें. शिर्के व खेळण्याचा राजा यांनीं त्याचा घात केल्यावर उरलेले परदेशी शिपाई चाकणच्या कोटांत परतले. दक्षिणी सरदारांनीं त्यांस सुमारें दोन महिने वेढून, अखेर विश्वासघातानें त्यांची कत्तल केली. फिरिस्त्यानें हें सविस्तर दिलें आहे. आम्हांस यांतील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इतके दिवस वेढा सोसणारा कोट म्हणजे आंत पाणी व धान्याचा सांठा असलेलें बसतें ठाणें. जेथें लष्कर राहतें तेथें दाणावैरण, लोहार, चांभार, वाणी यांची पेठ जमतेच. जुन्नर–पुणें वाटेवरील या ठाण्याचा कसबा होऊन तें ‘चाकण चौऱ्यांशी’ या परगण्याचें मुख्य ठिकाण झालें, तें याच मार्गानें असावें.

पुढें १४८६ च्या सुमारास मलिक अहमदानें झैनुद्दीनाकडून तें घेतलें. नंतर तें भोसल्यांच्या जहागिरींत आलें. फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० त शाएस्तेखानाविरुद्ध संग्रामदुर्ग ५६ दिवस लढविला, हें सर्वश्रुतच आहे. खानानें ठेविलेलें ‘इस्लामाबाद’ हें नांव मात्र टिकलें नाहीं.

आतां भोंवतीं कारखाने झाले आहेत व जुने वाडे झपाट्यानें उतरत आहेत. वाड्याबरोबर दप्तरही जातें. ज्या संग्राहकांपाशीं १६६० पूर्वींचे, ‘कसबे चाकण’ असा उल्लेख असलेले कागद असतील त्यांनीं ते रद्दींत जाऊं न देतां त्यांच्या नकला, मोर्तब व सुहूर सनासह, मंडळाकडे पाठवाव्या. पेठेच्या शेट्ये-महाजनांचा एखादा जुना कागद मिळाल्यास आमचें वरील अनुमान तपासतां येईल, आणि तें चुकीचें ठरल्यास याच पानांत तसें छापावें.